बसून राहायची नोकरी

"काम काही नाही हो मुअल्लिम. जायचं, बसायचं, चहा प्यायचा, म्हातारीचं ऐकायचं आणि संध्याकाळी घरी यायचं!"

आमच्या महल्ल्याचे रईस, म्हणजे अध्यक्ष, गफ्फोर-अका हे वाक्य चायखान्यात, चार माणसांसमोर, मांडीवर थाप मारून बोलले. आमच्या कोनीबोदोम गावात मांडीवर थाप मारून बोललेलं वाक्य ठराव समजतात. होशिम मुअल्लिमांना, म्हणजे मास्तरांना, हरकत घ्यायची नव्हतीच. उभा जन्म त्यांनी शाळेत यांत्रिक रेखाटन शिकवलं. मग वर कुणालातरी वाटलं की सरळ रेघ आता यंत्र मारतं, तिच्यासाठी मास्तर कशाला पोसायचा? विषय गेला, मुअल्लिम घरी आले आणि घरातल्या प्रत्येक वस्तूचे काटकोन तपासू लागले. पडदे झाले, उशा झाल्या, शेवटी जेवणाच्या दस्तरखानावर मांडलेल्या गोल नानचा मध्यबिंदू शोधण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा पत्नी मुअत्तर यांनीच रईसांच्या कानावर गोष्ट घातली होती.

तरी समाजकल्याण खात्याने मुअल्लिमांना घरोघरी जाऊन वृद्धांची सेवा करायच्या कामावर घेतलं, हे ऐकून त्या आधी हसल्या आणि मग घाबरल्या.

"तुम्ही? सेवा? सुहरोबचे बाबा, आपल्या घरात किटली कुठे असते सांगा बरं."

मुअल्लिमांनी छताकडे पाहिलं. शाळेतली त्यांची मुलं परीक्षेत असंच पाहायची.

चायखान्यात मात्र कुणालाही शंका नव्हती. "बायकांचं काम आहे, पण निदान सावलीतलं आहे," सुन्नत न्हावी म्हणाला. "शिकायचंय काय त्यात? मन साफ असलं की झालं," खाटीक म्हणाला. त्याचं स्वतःचं मन कितपत साफ आहे हे त्याच्या तराजूला ठाऊक. आणि कोपऱ्यातून कुणीतरी हळूच पिल्लू सोडलं, "शिवाय म्हातारीला घर आहे. जर्दाळूच्या झाडासकट." मुअल्लिमांनी तिकडे दुर्लक्ष केलं. हलक्या माणसांची हलकी बोलणी.

खात्याने रीतसर प्रशिक्षण दिलं. ते द्यायला मवजूदा-अपा होत्या. वयाने मुअल्लिमांहून बऱ्याच लहान, पण सगळं गाव त्यांना अपा, म्हणजे ताईच म्हणतं. त्यांनी पुष्कळ सांगितलं. दुर्दैव असं की त्यांच्या मागे भिंतीवर मानवी सांगाड्याचं चित्र लावलं होतं, आणि ते उजवीकडे कललं होतं. मुअल्लिमांचा जीव त्यात अडकला. अखेर राहवेना म्हणून ते उठले, चित्र सरळ केलं, दोन पावलं मागे येऊन एक डोळा मिटून खात्री करून घेतली. नेमकं त्याच वेळी अपा म्हणत होत्या, "हाताला हात द्या, पण हातातलं काम काढून घेऊ नका." चित्र मात्र ओळंब्यात आलं.

त्यांच्या वाट्याला आलेल्या अंझुरत बीबी ऐंशी ओलांडलेल्या. आयुष्यभर मालधक्क्यावर क्रेन चालवलेली बाई. नवरा जाऊन जमाना झाला, एकुलता एक मुलगा रशियात बर्फात विटा रचतो. थंडीत बीबी अंगणात घसरून पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, इस्पितळात राहून काठी घेऊन घरी आल्या. मुलाने घाबरून तिकडून खात्याला फोन केला, की आई पुन्हा पडली आणि कुणाला कळलंच नाही तर? झालं. जर्दाळू उतरले की समिती येणार आणि बीबी एकट्या राहू शकतात की नाही ते ठरवणार. नसतील राहू शकत, तर डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात पाठवणार.

वृद्धाश्रम हा शब्द आमच्याकडे मोठ्याने उच्चारत नाहीत. ज्या महल्ल्यातून म्हातारं माणूस तिथे गेलं, त्या महल्ल्यातल्या मुलींना मागणी घालताना लोक दहादा विचार करतात. आणि बीबींना त्या शब्दाची अशी धास्ती होती की ऐकताच त्या जर्दाळूच्या बुंध्याकडे बघायच्या. तो नवऱ्याने लावलेला.

"त्या डोंगरापलीकडे माझी हाडंसुद्धा जाणार नाहीत," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्यासाठी धाडलंय ना, मुअल्लिम?"

"बीबी," छातीवर हात ठेवून मुअल्लिम म्हणाले, "मी असताना तुम्हाला या घरातून कुणी हलवणार नाही."

शब्द देताना माणसाने जरा जपून द्यावा. तो कोणत्या अंगाने खरा होईल सांगता येत नाही.

पाहुणा आला म्हणून बीबी चहा करायला उठल्या. काठी टेकली, खांबाला धरलं, दोन पावलं, थांबा, खांबाला शिवी, पुन्हा दोन पावलं. ओसरीवरच्या चुलीपर्यंत पोचायला त्यांना इतका वेळ लागला की तेवढ्यात मुअल्लिमांच्या मनाने त्यांना सात वेळा पडताना पाहिलं. मग पाणी उकळणं, चहादाणीत चहा टाकणं, तो पियाल्यात ओतून पुन्हा चहादाणीत परतवणं. तीनदा परतवल्याशिवाय आमच्याकडे चहा पाहुण्यापुढे ठेवत नाहीत. आणि पियाला भरायचा तो अर्धाच. अर्धा पियाला म्हणजे, बसा, तुमच्यासाठी मी पुन्हा उठेन. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे, प्या आणि वाटेला लागा. आमच्याकडे पाहुण्याला शिव्या देत नाहीत, पियाला भरतात.

बीबींनी अर्धा पियाला पुढे केला तेव्हा मुअल्लिम शरमेने अर्धे झाले होते. आपण बसलोय आणि आपल्या आईच्या वयाची बाई मोडक्या कंबरेने उभी आहे! हे पाहिलं असतं तर त्यांच्या मेलेल्या वडिलांनी कबरीतून जोडा फेकला असता. त्यांनी झटकन उठून चहादाणी हातात घेतली.

"बसा बीबी, बसा! आजपासून हे माझं काम."

"अहो, मला जमतं."

"जमतं म्हणून करायचं का? मी कशाला आहे?"

दुसऱ्या दिवसापासून मुअल्लिमांनी सेवेचं शास्त्रच मांडलं. खोलीचा नकाशा काढला. बीबी जिथे बसतात तो केंद्रबिंदू धरून हाताच्या लांबीचं वर्तुळ मारलं आणि घरातली प्रत्येक गरजेची वस्तू त्या वर्तुळात आणली. चहादाणी, साखर, रेडिओ, औषधं, चष्मा, मुलाचा फोन येतो तो फोन. वर्तुळाबाहेर एकच वस्तू उरली, ती काठी. ती कोपऱ्यात गेली. पहिले काही दिवस बीबी कुरकुरल्या. मग रेडिओचं बटण बसल्या जागी मिळतंय, नानचा तुकडा तोंडाशी येतोय म्हटल्यावर कुरकुर ओसरली. सुख कुणाला नकोसं होतं? जन्मभर लोखंडी मनोरा चढलेल्या बाईला तर मुळीच नाही.

इथवर ठीक होतं. पण शेजारच्या तुरसुनोय-अपांनी भिंतीवरून पाहिलं, की एक पुरुष, तोही मास्तर, गुडघ्यावर बसून बीबींच्या पायात मोजे चढवतोय. त्यांच्या मनात एकदम दोन विचार आले. एक, हा घरावर डोळा ठेवून आहे. दोन, हा पुण्य कमावतोय आणि आपण शेजारी असून हात हलवत नाही. विचार परस्परविरोधी होते, पण दोन्हींवर उपाय एकच होता. त्या मांतूंचं, म्हणजे खिमा भरून वाफवलेल्या मोदकांचं, भांडं घेऊन आल्या.

त्यांच्या मांतू पाहून पलीकडची शेजारीण शूर्बो, म्हणजे मटणाचं सूप, घेऊन आली. मग कुणी पुलाव, कुणी मलई, कुणी दोन्ही. "बीबी, उठू नका हं," असं म्हणत जो तो यायचा. कुणी केस विंचरायचं, कुणी पाय चेपायचं. बीबींचं तोंड गोल झालं, गाल चमकू लागले. महल्ल्यात मुअल्लिमांना मान मिळू लागला. चायखान्यात त्यांना भिंतीकडची गादी मिळाली, आणि त्यांनीही ती फारसे आढेवेढे न घेता घेतली.

मग रईस जागे झाले. महल्ल्यात एवढी सेवा चाललीय आणि तिला अध्यक्ष नाही, हे त्यांना पाहवेना. त्यांनी हशर पुकारला. हशर म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट काम करायचं आणि नंतर वर्षभर ते बोलून दाखवायचं. जर्दाळूखाली बीबींसाठी नवा कत बांधायचा ठरला. कत म्हणजे अंगणातला लाकडी चौथरा, ज्यावर आम्ही जेवतो, झोपतो आणि भांडतो. नेहमीचा कत गुडघ्याएवढा असतो. रईस म्हणाले, "बीबी आपल्या महल्ल्याचा मान आहे. मान खाली ठेवतात का?" म्हणून त्याचे पाय कमरेएवढे केले. त्यावर गाद्या आल्या, प्रत्येक घरातून एक, कारण एकीची घेतली आणि दुसरीची नाही असं चालत नाही. तयार झाला तेव्हा चार पुरुषांनी बीबींना उचलून वर ठेवलं. वर बसून त्यांनी सगळ्यांना आशीर्वाद दिला. तळहात उघडून, डोळे मिटून, छान लांबलचक.

खाली उतरायला पुन्हा चार पुरुष लागले. त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

जर्दाळू पिवळे पडू लागले आणि मवजूदा-अपांचा फोन आला.

"मुअल्लिम, समिती पुढच्या पंधरवड्यात येतेय. बीबी किती चालतात आता?"

"चालतात?" मुअल्लिम अभिमानाने फुलले. "अपा, चालायची वेळच येऊ देत नाही मी त्यांच्यावर!"

 



"मुअल्लिम," अपांचा आवाज अगदी सपाट होता, "समिती तेवढंच बघते. कुणाचा हात न घेता उठायचं, चुलीपर्यंत जायचं, चहा करायचा. जमलं तर घर. नाही जमलं तर गाडी दाराशी उभीच असते."

"पण... मला वाटलं, त्यांची व्यवस्था कशी आहे ते बघतील."

"व्यवस्था वृद्धाश्रमातही उत्तम असते."

 ते धावत अंगणात गेले. बीबी कतावर तक्क्याला टेकून रेडिओ ऐकत होत्या.

"बीबी, जरा उठून बघू या."

"का? काही लागलं का तुम्हाला?"

"नाही, सहज."

सुन्नत न्हावी आणि तुरसुनोय-अपांच्या मदतीने त्यांना खाली उतरवून शेजारच्या बाजेवर बसवलं. मुअल्लिमांनी कोपऱ्यातली काठी आणली, तिच्यावरची धूळ बाहीने पुसली. बीबींनी काठी धरली, रेटा दिला. पाय थरथरले. गुडघे वाकले. पुन्हा रेटा दिला. या वेळी कंबर वर आलीच नाही. त्या तिथेच, बाजेच्या कडेवर, धपकन बसल्या.

 बीबी आपल्या पायांकडे पाहत होत्या. परक्याच्या घरी विसरून आलेल्या वस्तूकडे पाहावं तसं. मग त्यांनी वर पाहिलं, आणि मुअल्लिमांनी तो चेहरा पाहून मान खाली घातली. त्या माउलीला भय वाटत होतं, आणि ते भय मुअल्लिमांनी घरपोच आणून दिलं होतं, रोज, न चुकता, वेळेवर.

"समिती येतेय ना?" बीबींनी विचारलं.

"हो."

"तुम्ही आलात तेव्हा मी चालत होते, मुअल्लिम. शिव्या देत का होईना, चालत होते."

 बीबींनी शेजारची चहादाणी ओढली. ती हाताशीच होती, वर्तुळातच. एक पियाला घेतला आणि ओतू लागल्या. अर्ध्यावर थांबल्या नाहीत. काठापर्यंत भरला, बशीत सांडेपर्यंत भरला आणि मुअल्लिमांपुढे सरकवला.

"पी," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच 'तू' म्हणाल्या.

मुअल्लिमांनी तो चहा उभ्यानेच प्याला. जीभ भाजली. घरी जाऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले, आणि मुअत्तर यांनी जेवायला हाक मारली तर म्हणाले, "भूक नाही." लग्नानंतर हे वाक्य त्या घरात प्रथमच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. सोबत मवजूदा-अपांना नेलं होतं. एरवी अपांपुढे मुअल्लिमांची जीभ भलतीच मोकळी असायची, आज ते वही-पेन्सिल काढून बसले. अपांनी बीबींना बाजेच्या कडेपर्यंत पुढे सरकून पाय मागे घ्यायला शिकवलं, नाक पायाच्या बोटांपुढे आणून उठायला शिकवलं. मुअल्लिमांना म्हणाल्या, "तुम्ही समोर बसायचं. हात मांडीवर. त्या पडायला लागल्या तरच उठायचं. अडखळल्या तर नाही."

"अडखळणं आणि पडणं यात फरक कसा ओळखायचा?"

"तेच तर काम आहे," अपा म्हणाल्या.

ते काम मुअल्लिमांच्या कुवतीबाहेरचं होतं. बीबी उठायला लागल्या की ते त्यांच्या आधी उठून उभे राहायचे. पहिल्या दिवशी त्यांना "बसा!" असं अपांनी इतक्यांदा दरडावलं की शेजारच्या कुत्र्यानेही बैठक मारली. मग मुअल्लिमांनी युक्ती केली. आपल्या चोग्याची, म्हणजे लांब अंगरख्याची, दोन्ही टोकं ते मांडीखाली दाबून बसू लागले. उठलं की फाटणार. फाटलेलं शिवताना मुअत्तर काय बोलतील याची भीती त्यांना शिष्टाचाराच्या ओढीपेक्षा थोडी जास्त होती.

एक गोष्ट मात्र त्यांना येत होती. त्यांनी बीबींच्या गुडघ्याची उंची मोजली, कताची मोजली, आणि तुरसुनोय-अपा भिंतीवरून मान काढतात त्याच मुहूर्तावर करवत घेऊन कताच्या पायाशी बसले.

"अरे, करवतीने कापतोय! बीबींचा कत कापतोय!"

अर्धा महल्ला गोळा झाला. रईस आले, त्यांनी आपल्या कताचे पाय जमिनीवर पडलेले पाहिले आणि छातीवर हात ठेवला.

"मुअल्लिम, हा हशरचा कत आहे!"

"हो. आणि हा बीबींचा गुडघा आहे. दोन्ही जुळवतोय."

गाद्यांचंही तसंच झालं, एक ठेवून बाकीच्या ज्यांच्या त्यांच्या घरी गेल्या. पुढचे काही दिवस मुअल्लिम दारात उभे राहून मांतू परत पाठवू लागले. "बीबी स्वतः शिजवतील" असं म्हणू लागले. कुणी आत शिरलंच तर काय दिसे? ऐंशी वर्षांची म्हातारी काठी टेकत, घाम पुसत चुलीकडे चाललीय, आणि खात्याचा पगारी माणूस गादीवर मांडी घालून बघतोय! एकदा तर तुरसुनोय-अपा धावत आल्या आणि बीबींच्या हातातली किटली हिसकावून घेतली.

"लाज वाटते का मुअल्लिम? उठा की!"

"सोडा ती किटली, अपा. त्यांच्या हातात द्या."

"ऐकलंत का लोक हो? म्हातारीला राबवतोय! लवकर मरावी म्हणून!"

चायखान्यातली भिंतीकडची गादी गेली. मुअल्लिम आले की तिथे शांतता पसरायची, आणि ते निघाले की त्यांच्या पाठीमागे मोडायची. रईसांनी सांगून टाकलं, "समिती आली की मीच सांगणार, हा माणूस काय करतो ते." मुअत्तर बाजारातून परत आल्या त्या डोळे पुसतच. "तुम्ही लोकांना सांगत का नाही?" मुअल्लिम म्हणाले, "काय सांगू? की मी सेवा करतोय म्हणून बसलोय?" वाक्य तोंडातून बाहेर पडताच त्यांनाच ते खोटं वाटलं.

बीबी मात्र शिव्या खांबालाच देत होत्या. रोज एक पाऊल पुढे, एखाद दिवशी दोन मागे. चुलीजवळ पोचायच्या, पण किटली उचलताना मनगट लटपटायचं. समितीच्या आदल्या दिवशी किटली हातातून निसटली, पाणी ओसरीभर झालं. मुअल्लिमांचा चोगा टरकन फाटला.

"बसला नाहीस," बीबी म्हणाल्या.

"राहवलं नाही."

"उद्या राहवून घे."

समिती आली. अध्यक्ष म्हणून पोट सुटलेले एक डॉक्टर, खात्याची एक बाई आणि मवजूदा-अपा. गाडी खरंच दाराशी उभी राहिली आणि तिचं मागचं दार उघडं होतं. रईस चोगा-टोपी घालून हजर होते. भिंतीवर तुरसुनोय-अपांची मान होती, आणि तिच्याशेजारी आणखी मानांची रांग.

"डॉक्टर साहेब, आधी मला काही सांगायचंय," रईसांनी सुरुवात केली.

"आधी बीबींना पाहू," डॉक्टर म्हणाले आणि कतावर बसले. "बीबी, आमच्यासाठी चहा कराल का?"

बीबी कताच्या कडेवर सरकल्या. पाय मागे घेतले. नाक बोटांपुढे आलं. एकदा, दोनदा झुलल्या. उठल्या.

भिंतीवरून कुणीतरी श्वास सोडला. मुअल्लिमांनी चोग्याची शिवलेली टोकं मांडीखाली घट्ट दाबली. बीबी निघाल्या. काठी, पाय, पाय. खांबापाशी थांबल्या. आज पाहुणे होते म्हणून शिवी मनात दिली असावी, कारण ओठ हलले. काठी, पाय, पाय. काठीचं टोक विटेच्या फटीत अडकलं. बीबी एका बाजूला कलल्या. मुअल्लिमांच्या पायांतली प्रत्येक शीर ताठली. अडखळल्या की पडल्या? अडखळल्या की पडल्या? बीबींनी काठी सोडवली. अडखळल्या होत्या.

पाणी उकळलं. चहादाणी भरली. आणि आता बीबी पियाला भरून परतवू लागल्या.

"एकदाच पुरे, बीबी," खात्याची बाई दयेने म्हणाली.

बीबींनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा बोलली नाही. न परतवलेला चहा पाहुण्याला द्यायचा? या घरात? एकदा परतवला. दुसऱ्यांदा उचलताना मनगट लटपटू लागलं. चहादाणीचं झाकण वाजू लागलं. सगळ्या अंगणात तेवढाच आवाज. तिसऱ्यांदा चहादाणी वर आली, अर्ध्या वाटेत थांबली, आणि तिची चोच खाली जाऊ लागली.

आणि डॉक्टर उठले.

त्यांचाही दोष नव्हता. ते चांगल्या आईचे पुत्र होते. समोर वडीलधारी बाई लटपटतेय म्हटल्यावर पोटासकट ते जागचे उडाले आणि हात पुढे करून धावले. "बसा बीबी, बसा, मी घेतो!"

"हात लावायचा नाही!"

हा आवाज मुअल्लिमांचा होता. शाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "खाली बसा! हात मांडीवर!"

डॉक्टर बसले. हात मांडीवर ठेवले. रईसही बसले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवरच्या मानाही खाली गेल्या. आणि मग मुअल्लिमांना कळलं की आपण समितीच्या अध्यक्षाला दरडावलंय.  तरी ते स्वतः मात्र बसलेलेच होते. चोगा शाबूत होता.

बीबींनी डोळे मिटले. डावा हात चहादाणीच्या बुडाखाली घेतला, उजवा मुठीवर. मालधक्क्यावर टनाटनाच्या पेट्या कुणाच्या डोक्यावर न पाडता उतरवणारे हात ते. चहादाणी हळूहळू वर आली, हळूहळू वळली, थांबली आणि ओतू लागली. तिसऱ्यांदा परतवलेला चहा. मग तीन अर्धे पियाले, एकेक करून, एकेक फेरी मारून. खात्याच्या बाईने पियाला दोन्ही हातांनी घेतला. तिचे डोळे ओले झाले होते.

डॉक्टरांनी घोट घेतला. तेवढ्यात रईसांनी वाकून आपलं म्हणणं त्यांच्या कानात घातलंच. चेहरा अजून लाल होता.

"बीबी, हा माणूस रोज येतो?"

"येतो."

"रईस म्हणतात तुमच्यासाठी काही करत नाही. काय करतो तो?"

बीबींनी मुअल्लिमांकडे पाहिलं.

"बसतो," त्या म्हणाल्या. "फार जड जातं त्याला."

डॉक्टरांनी मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. चहा संपवला. मग ड्रायव्हरला हाक मारून म्हणाले, "दार लावून घे रे गाडीचं. इथून कुणी यायचं नाही."

भिंतीपलीकडे एकच गलका झाला. रईसांनी लगेच उठून जाहीर केलं, की आपण पहिल्यापासूनच मुअल्लिमांवर विश्वास ठेवून होतो आणि कत कापायची कल्पनाही मुळात आपलीच. तुरसुनोय-अपा मांतूंचं भांडं घेऊन फाटकापर्यंत आल्या, थबकल्या, आणि म्हणाल्या, "बीबी, पीठ आणलंय. मळाल का तुम्ही?"

सगळे गेल्यावर अंगणात दोघंच उरले. मुअल्लिम अजून बसलेलेच होते. बीबी चुलीपाशी गेल्या. एक पियाला घेतला, तीनदा परतवला आणि ओतला. मग काठी टेकत येऊन तो त्यांच्यापुढे धरला.

मुअल्लिमांनी आत पाहिलं. अर्धासुद्धा नव्हता. बुडाशी एक घोट, चिमणीला पुरेल इतका.

त्यांनी तो प्याला. रिकामा पियाला बीबींनी घेतला आणि वळल्या. काठी, पाय, पाय. पुन्हा चुलीकडे. पुन्हा एक घोट. पुन्हा परत. पाचव्या फेरीला त्यांना धाप लागली होती, कपाळावर घाम होता, आणि त्या हसत होत्या.

होशिम मुअल्लिमांनी दोन्ही हातांनी आपले गुडघे दाबून धरले, डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं आणि ते बसून राहिले.